हक्काची कणकण

गेल्या उन्हाळ्यात ह्येरानच्या अंगात वारं शिरलं होतं. दुसरा शब्दच नाही त्याला. भांडी घासून झाली की ती पुन्हा घासायची, आपलं अंगण झाडून झालं की शेजारणीचं झाडायची, आणि जेवायला बसली तरी एक गुडघा उभाच, कधी उठते नि कधी नाही असं. खायची दोन माणसांचं आणि वाळत चालली होती चिपाडासारखी. हात कापायचे, छाती धडधडायची, घामाने कपडे दिवसातून तीनदा बदलायला लागायचे. आणि गाव काय म्हणायचं? तर, वांदोवालीचं नशीब बघा, सुनेला चार हात आहेत!

वांदोवाली म्हणजे तिची सासू. पन्नास वर्षांपूर्वी वांदो बेटावरून लग्न होऊन कोरियाच्या दक्षिण टोकाला, हेनामला आली, तेव्हापासून तिचं खरं नाव फक्त सरकारी कागदांवर उरलं. ह्या बाईच्या तोंडून सुनेबद्दल चांगला शब्द निघाला असेल तर तो त्याच उन्हाळ्यात. "एकोणीस वर्षं लागली, पण वळण लागलं हो," असं ती मिरच्या वाळत घालता घालता शेजारणीला म्हणाली, आणि ह्येरानने ते भिंतीआडून ऐकलं. त्या एका वाक्यावर तिने पुढचे दोन आठवडे जिवाचं रान केलं. शेवटी ऑगस्टच्या उन्हात मिरचीच्या वाफ्यातच ती आडवी झाली.

डॉक्टरीणबाई तरुण होती, पण बोलायला फटकळ. गळ्यातली ग्रंथी बेफाम सुटलीय म्हणाली. बसल्या जागी नाडी एकशेतीस.

"गोळी आजपासून सुरू. पण गुण यायला महिना-दीड महिना. गोळी नवा रस बनू देत नाही, पण आधीचा साठलेला असतो ना, तो संपेस्तोवर अंग पळतच राहणार. धीर धरायचा."

धीर! ज्या बाईला खुर्चीत दोन मिनिटं बसवत नव्हतं तिला सांगतेय, धीर धर.

"आणि आता कानात तेल घालून ऐका. हजारात दोन-चार जणांना ही गोळी बाधते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार बसतात. मग साधा घसा धरला तरी अंगात लढायला कोणी उरत नाही, माणूस चार दिवसांत जातं. म्हणून, घसा दुखून ताप आला तर गोळी बंद आणि त्याच दिवशी इथे. सर्दी असेल, कामाचा शीण असेल, असं आपल्या मनाने ठरवायचं नाही. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं? म्हणून दाखवा."

आणि त्रेचाळीस वर्षांच्या ह्येरानने ते शाळेतल्या पोरीसारखं म्हणून दाखवलं. औषधवाल्याने गोळ्यांच्या पुड्यांची माळ ज्या पाकिटात घालून दिली, त्यावरही तेच लाल अक्षरांत छापलेलं होतं.

घरी आल्यावर सासूला सांगितलं, आई, समुद्रातलं शेवाळ कमी खायला सांगितलंय, त्याने ग्रंथीला जोर येतो. झालं! वांदोवालीचं सगळं माहेर शेवाळावर जगलेलं.

"समुद्राकाठी राहायचं आणि समुद्राचं पथ्य! बाळंतपणात तुला महिनाभर शेवाळाचं सूप पाजलं मी, तेव्हा नाही मेलीस ती? उद्या म्हणेल श्वास घेऊ नको, वारा लागतो."

नवरा ग्युसिक जेवणातून मान वर न काढता म्हणाला, "डॉक्टर म्हणतेय तर राहू दे ना, आई."

"तू खा गप," आई म्हणाली, आणि तो गप खाऊ लागला. ग्युसिक माणूस चांगला. कोबीचा ट्रक सोलपर्यंत चालवायचा आणि घरी असला की ट्रकइतकंच बोलायचा.

पहिले तीन आठवडे गोळीने काही म्हणजे काही केलं नाही. मग अंगाला खाज सुटली, ती आठवडाभराने गेली. आणि सप्टेंबर संपता संपता एका सकाळी ह्येरानला जाग आली ती कसल्याशा शांततेने. घरात काहीतरी बंद पडलंय असं वाटून तिने फ्रीज बघितला, बंब बघितला. सगळं चालू होतं. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की तिला तिचं काळीज ऐकू येत नव्हतं. पाच-सहा महिने कानात जे बडवत होतं ते थांबलं होतं. ती तिथेच ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिला रडू आलं, सुखाचं की कशाचं ते तिलाही सांगता आलं नसतं.

त्यानंतर शरीर एकेक गोष्ट परत करत गेलं. हात थांबले, सुईत दोरा ओवता यायला लागला. घाम गेला, उलट ऑक्टोबरातच तिला थंडी वाजायला लागली. पोटऱ्यांत गोळे यायचे. सात किलो वजन वाढलं, गाल वर आले. सगळं छान, डॉक्टरीणबाई खूश, गोळी अर्धी केली. पण ह्येरानला काही केल्या चैन पडेना. जी कामं ती तासाभरात उरकायची त्यांना आता सकाळ पुरत नव्हती. शरीर बसलं होतं आणि जीव मात्र अजून उभाच. कोबी चिरताना आपलेच हात तिला दुसऱ्या कोणाचे, एखाद्या ऐदी बाईचे वाटायचे. तिला उन्हाळ्यातली ती चार हातांची बाई आठवायची आणि तिचा हेवा वाटायचा. आजारी होते तेव्हाच मी चांगली होते, असं मनात यायचं नि लाज वाटायची.

सासूने तर निकालच देऊन टाकला. "गोळ्यांनी सून बिघडवली. चांगली चालती गाडी होती, नेऊन बांधून ठेवली."

नोव्हेंबरच्या शेवटी किमजांग आला. वर्षाचं किमची, म्हणजे तिखट मसाला भरून मुरवलेला कोबी, घालायचं, तेही आपल्या घराचं, ग्वांग्जूच्या नणंदेचं, सासूच्या दोन बहिणींचं. एकशेऐंशी कोबी. ग्युसिकने ट्रकमधून आणून टाकले आणि पुढच्या फेरीला निघून गेला, बुधवारी संध्याकाळी येतो म्हणाला. ह्येरानने मनाशी ठरवलं होतं की ह्या वेळी मागे राहायचं नाही. मेले तरी नाही.

कोबी चिरून मिठात घातले, उलटवले, दुसऱ्या दिवशी गार पाण्यात तीन-तीनदा धुतले. शेजारीण आली, नणंद मिजोंग सकाळीच रिकामे डबे घेऊन आली. गुलाबी रबरी हातमोजे घालून चौघी लाल मसाल्याच्या परातीभोवती बसल्या. मुळ्याचा कीस, मिरचीपूड, खारवलेली कोळंबी, तांदळाची खळ. पानापानात मसाला भरायचा, बाहेरच्या पानाने गाठोडं वळायचं, डब्यात दाबायचं.

"ह्येरान, गाल काय गं वर आलेत तुझे! गोळ्या आहेत की लाडू?" मिजोंगने सुरुवात केली.

"तुम्हांला पण देऊ का वन्सं, दोन?"

"नको बाई, माझे आधीच वर आहेत. मला खालचं काहीतरी वर करणारं दे."

शेजारीण हसून हसून मसाल्यात कलंडायची बाकी राहिली. वांदोवालीही हसली. मग तिने एक पिवळं कोवळं पान घेतलं, मसाला भरला आणि आपल्या हाताने ह्येरानच्या तोंडात घातलं. "सांग, मीठ कसंय?" दरवर्षी हा घास मिजोंगला मिळायचा. ह्येरानने चावलं आणि म्हणाली, "बरोबर आहे, आई." तिला चव कळलीच नव्हती. घशात काहीतरी खरखरत होतं, मिरचीने असेल असं तिने धरलं.

त्या दिवशी ती परातीवरून मध्ये एकदाही उठली नाही. कंबर तुटत होती, पण सगळ्यांच्या आधी बसली आणि सगळ्यांच्या शेवटी उठली. डबे भरून झाल्यावर सासू नुसतं "हं" म्हणाली. त्या "हं"ला मोल होतं.

आता मोमसाल कशाला म्हणतात ते सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथे आहे. काम करून करून अंग मोडून येतं, कणकण भरते, सांधे ठणकतात, दोन दिवस पडून राहावं लागतं, तो मोमसाल. तो आजार नव्हे. आजारी माणूस बिचारं असतं, मोमसाल आलेलं माणूस कष्टाळू असतं. ती कष्टाने मिळवलेली हक्काची रजा. किमजांगनंतर ज्या बाईला मोमसाल येत नाही, तिने अंग राखून काम केलं, असं हेनामात उघड म्हणतात. ह्येरानला मागच्या एकोणीस वर्षांत तो फारसा कधी आलाच नव्हता, आणि त्याबद्दल तिने ऐकूनही घेतलं होतं.

सोमवारी सकाळी मिजोंगचा ग्वांग्जूहून फोन. "मेले गं, मोमसाल! हात वर होत नाही." शेजारीण भिंतीपलीकडून कण्हत होती. ह्येरान उठायला गेली तर हाडं ठणकत होती, अंग तापलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. आला! मलाही आला!

"आई, मला पण आलाय वाटतं."

सासूने कपाळाला हात लावला आणि तिचा चेहरा असा काही मऊ झाला की ह्येरान बघतच राहिली. "येणारच. केवढं केलंस. पड तू." वांदोवालीने स्वतः जमीन खालून गरम करणाऱ्या यंत्राचं बटण वर केलं, स्वतः गादी घातली, आलं आणि सुकी लाल बोरं उकळून त्यात मध घालून आणलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. ह्येरान उबदार जमिनीवर पडून राहिली आणि ऐकत राहिली, सासू बाहेर कोणाला तरी सांगत होती, "सून पडलीय माझी, मोमसाल. एकशेऐंशी कोबी, काय थट्टा आहे?"

"माझी" म्हणाली ती.

संध्याकाळी गोळी घ्यायला तिने पुडी फाडली तेव्हा पाकिटावरची लाल अक्षरं दिसली. घसा, ताप, त्याच दिवशी. तिने पाकीट उपडं ठेवलं. हजारात दोन-चार, आणि इथे तर अख्ख्या गल्लीला ताप आहे! मिजोंगला कुठे गोळ्या चालू आहेत? शेजारणीला कुठे? गोळी तिने आल्याच्या काढ्याबरोबर गिळली. गिळताना डोळ्यांत पाणी आलं.

मंगळवारी शेजारीण उठून कपडे वाळत घालायला लागली. मिजोंगचा फोन आला, उतरला गं माझा. ह्येरानचा चढला. घशातून थुंकी जाईना, जिभेखाली पांढरे फोड आले. ह्या कुशीवरून त्या कुशीवर, पांघरूण काढ, पांघरूण घे. उठून जावं, आत्ता जावं, बस अर्ध्या तासाने आहे. नको, उद्या उतरेल. उतरला नाही तर? उद्या बघू. आणि गेले नि डॉक्टरीण म्हणाली काही नाही झालं, मग कोणतं तोंड घेऊन परत येऊ? लोक म्हणतील दोन दिवस कोबी धुतले नि पळाली दवाखान्यात. सासू दर तासाला येत होती, पेज भरवत होती, आणि तो चमचा समोर आला की ह्येरानला जायचं म्हणायचा धीर होत नव्हता. वेडी बाई! पण त्या चमच्यासाठी ती एकोणीस वर्षं थांबली होती, हेही खरं.

बुधवारी सकाळी एकोणचाळीसच्या वर ताप. सासू वाटी घेऊन बसली.

"तिसरा दिवस जडच असतो. आज उतरतो बघ. मला काय वाटलं होतं माहितीय का तुझ्याबद्दल? वाटलं होतं, ही काही आपल्या घराची व्हायची नाही. चुकलंच माझं. चांगली सून आहेस तू."

ह्येरानने डोळे मिटले. हेच ऐकायचं होतं. आणि ते ऐकत असताना तिला तिचं काळीज ऐकू आलं, उन्हाळ्यासारखं, कानात बडवणारं. तिने मनगटावर बोटं ठेवली, सवयीने. मोजताही येईना इतकं पळत होतं. तिला एकदम भीती वाटली, तापाची नव्हे, स्वतःची. अगं, तू एका कौतुकापायी मरायला निघालीस की!

ती उठून बसली. भिंत धरून उभी राहिली.

"कुठे निघालीस?"

"दवाखान्यात."

"मोमसालसाठी? वेड लागलंय?"

"आई, घसा दुखून ताप आला तर गोळी बंद आणि त्याच दिवशी दवाखाना. सर्दी असेल, शीण असेल, असं आपल्या मनाने ठरवायचं नाही." ती पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाली, कारण आपले शब्द तिला सुचतच नव्हते. "मी ठरवलं. दोन दिवस ठरवत बसले. हा मोमसाल नाही आई. मला बरं नाही."

सासूने हातातली वाटी खाली ठेवली. चेहरा पुन्हा पहिल्यासारखा घट्ट झाला, दार लावून घ्यावं तसा.

"म्हणजे मी एवढं केलं ते फुकटच. माझा काढा वाईट, माझं घर वाईट. जा! कामाने दमले म्हणायची लाज वाटते, आजारी आहे म्हणायची नाही वाटत."

ह्येरानला रडायलाही ताकद नव्हती. तिने टॅक्सीला फोन केला. दारात चप्पल पायात सरकवताना तोल गेला तेव्हा मागून कोणीतरी दंड धरला. वांदोवाली काढ्याचा थर्मास काखेत मारून, ओठ मिटून, टॅक्सीत शेजारी येऊन बसली. अख्ख्या वाटेत ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि दंड मात्र तिने सोडला नाही.

दवाखान्यात रक्त घेतलं. तासाभराने डॉक्टरीणबाई स्वतः पळत आली, तोंडाला मास्क लावून.

"लढणाऱ्या पेशी दोन-तीन हजार तरी हव्यात. ह्यांच्या चाळीस आहेत."

"चाळीस हजार?" सासूने विचारलं.

"चाळीस, आजी. नुसत्या चाळीस. उद्यावर गेलं असतं तर माझ्या हातात काही राहिलं नसतं."

मोक्पोच्या मोठ्या इस्पितळात तिला काचेच्या खोलीत ठेवलं. शिरेतून औषधं, पोटात सुया. तीन दिवस तिला धड काही कळत नव्हतं. पाचव्या दिवशी पेशी शंभर, सातव्या दिवशी चारशे, नवव्या दिवशी हजारावर. ताप उतरला. पण गोळी बंद झाल्याने ग्रंथी पुन्हा मोकाट सुटली होती. हात कापायला लागले, छाती धडधडायला लागली, त्या पलंगावर तिला पडवेना की बसवेना. जानेवारीत ग्रंथीच काढून टाकायची असं ठरलं. ग्युसिक काचेपलीकडे तासतासभर उभा राहायचा, फोन कानाला लावून, बोलायचा काहीच नाही.

दहाव्या दिवशी सासू एकटी आली, बसने. काचेपलीकडचा फोन तिने दोन्ही हातांनी धरला.

"जेवलीस?"

"जेवले, आई."

"हात कापतायत तुझे."

"कापणारच आता, ऑपरेशनपर्यंत. आई, किमची कसं झालंय?"

"मरो ते किमची." तिने फोन ह्या कानावरून त्या कानाला लावला. "मी तेवीस वर्षांची होते," म्हातारी म्हणाली. "किमजांग झाला नि दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं. ताप. मग अंगावरून जायला लागलं. चौथा महिना होता. सासूबाईंनी आल्याचा काढा दिला, गादी घातली, म्हणाल्या मोमसाल आहे, केवढं केलंस. तेव्हा पहिल्यांदा माझ्याशी गोड बोलल्या. मग मी पण मोमसालच म्हटलं. पोर गेलं, तरी मोमसालच म्हटलं. तुझ्या सासऱ्यांना पण तेच सांगितलं. पन्नास वर्षं तेच म्हणतेय."

ह्येरानच्या बोटांत फोन थडथडत होता. तिने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

"आई, तुम्हांला बरं नव्हतं."

काचेपलीकडे वांदोवालीने काचेला हात टेकला. तिने घसा खाकरला.

"हो गं," ती म्हणाली. "नव्हतं मला बरं." आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, त्या लख्ख उजेडाच्या व्हरांड्यात, ती मोठ्याने रडायला लागली.